एस 250 नंतर इक्विनॉक्स 800 : आठ महिन्यांचा अनुभव

गॅरेट कंपनीचा एस 250 हा मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारे यंत्र) मी अकरा वर्षे वापरला आणि गेल्या वर्षी गव्हाची कापणी उरकून शेतात धसकटे उरली, तेव्हापासून मायनलॅब कंपनीचा इक्विनॉक्स 800 वापरतो आहे. हे मॉडेल 2018 चे असून मी ते वापरलेलेच घेतले, त्यामुळे पुढे येणारा ‘नवा’ हा शब्द माझ्या जुन्या यंत्राच्या मानानेच घ्यावा. दोन्ही यंत्रे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या एकाच शेतावर, मालकाच्या लेखी परवानगीने फिरवली आहेत.

नव्या यंत्राबद्दल सगळे पहिल्यांदा विचारतात ते किती खोलवरचे सापडते हेच, आणि माझ्या मते तोच प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. मोकळ्या कुरणात दोघांमध्ये मला दोन-तीन बोटांचाच फरक जाणवला. खरा फरक दिसला तो शेताच्या ईशान्य कोपऱ्यात, जिथे जुन्या नकाशावर एक झोपडीवजा घर दाखवले आहे आणि आज मातीत फक्त खिळे उरले आहेत. एस 250 एकाच, 6.5 किलोहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. खिळ्यावरून गेल्यावर त्याला सावरायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात शेजारची वस्तू निसटते. त्या कोपऱ्यात तो नुसता घुरघुरत असे, म्हणून ती जागा मी कधीच सोडून दिली होती. इक्विनॉक्स एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतो आणि त्याचा सावरण्याचा वेग 1 ते 8 असा बदलता येतो. नोव्हेंबरात तो वेग 6 वर ठेवून कॉइल (यंत्राच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी) अगदी सावकाश फिरवत असताना, खिळ्यांच्या खरखरीतून एक बारीक उंच सूर दोन्ही दिशांनी पुन्हा पुन्हा आला आणि पडद्यावर धातूचा अंदाज देणारा आकडा 11 आणि 12 मध्ये हेलकावत राहिला. वीतभरही खणावे लागले नाही. ढेकळाच्या कडेला नखाएवढे काळसर अर्धवर्तुळ चिकटले होते : मधोमध कापलेली चांदीची पेनी. 1279 मध्ये एडवर्ड पहिल्याच्या काळात गोल फार्दिंग (पाव पेनी) नाणी पाडायला सुरुवात होण्यापूर्वी लोक सुट्ट्या पैशांसाठी पेनी सर्रास अशीच कापत. सुटे नाणे सहसा कायद्याच्या व्याख्येतला खजिना ठरत नाही, तरीही मी ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्यांकडे नोंदवले. यानंतर त्याच कोपऱ्यातून आणखी तीन नाणी आणि, खोटे कशाला सांगू, मूठभर पितळी बटणे निघाली.

समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या, खाऱ्या वाळूत तर तुलनाच नको. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला तिथे मिठाचाच आवाज ऐकू येतो.

सोयीच्या बाबतीत मात्र माझे मत जुन्याकडे झुकते. एसमध्ये साधे पेन्सिल सेल पडतात, त्यामुळे चार सुटे सेल खिशात असले की दिवस निभावतो. इक्विनॉक्सची बॅटरी आत बसवलेली आहे आणि ती चार्ज करायला मी एकदा विसरलो, तेव्हा सव्वा तासाचा प्रवास करून आलेला रविवार फुकट गेला. आकडे, सूर आणि सेटिंग्ज कळायला मला दोन महिने लागले. त्या काळात बाटल्यांची बुचेच जास्त खणली.

ज्यांना स्वच्छ कुरणेच मिळणार आहेत, त्यांनी जुने यंत्र बदलण्याची घाई करू नये. खिळ्यांनी भरलेली जुनी वस्ती किंवा ओला किनारा मिळणार असेल, तर खर्च वसूल होतो. माझा एस मी विकलेला नाही. पाहुणा बरोबर आला की तोच त्याच्या हाती देतो, कारण घंटी वाजली की खण, एवढेच सांगावे लागते.