व्हिनाइल रॅप उतरवून काही महिने झाले, आता रंगाचं सांगतो

गाडी पांढरी पोलो. रंग कंपनीचा, फक्त मागचा बंपर एकदा ठोकल्यावर गॅरेजात रंगवून घेतलेला. त्यावर चार वर्षं सॅटिन राखाडी रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची प्लास्टिकची पातळ फिल्म, आणि टपावर ग्लॉस काळा. सोलापूरचं ऊन आणि सोसायटीत उघड्यावरचं पार्किंग. हिवाळा सरता सरता सगळं उतरवलं. मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मशीन पॉलिशही झालं, म्हणून आता लिहितोय. उतरवल्या दिवशीच लिहिलं असतं तर निम्म्या गोष्टी कळल्याच नसत्या.

आधी निकाल सांगून टाकतो. दरवाजे, फेंडर, डिकी स्वच्छ निघाले. टपाने जीव काढला. मागच्या बंपरचा रंग फिल्मला चिकटून वर आला. फरक पडला तो फिल्म कोणत्या जातीची आणि तिच्याखाली रंग कोणाच्या हातचा, यामुळे. हीट गन, म्हणजे फिल्म तापवायचं गरम हवेचं यंत्र, कोणती घ्यावी हे सगळे पहिल्यांदा विचारतात, माझ्या लेखी तो तिसऱ्या नंबरचा प्रश्न.

फिल्मच्या मुख्य जाती दोन. कास्ट फिल्म पातळ ओतून सुकवलेली असते, जाडी साधारण ५० मायक्रॉन. तिला कुठे ताण नसतो, म्हणून ती वर्षानुवर्षं जागा सोडत नाही. थ्रीएमची २०८० किंवा एव्हरी डेनिसनची एसडब्ल्यू ९०० ही मालिका या जातीतली. कॅलेंडर्ड फिल्म रोलरमधून दाबून, ओढून काढतात. ती जाड असते, स्वस्त असते आणि उन्हात हळूहळू आक्रसत जाते. रेडियमच्या दुकानात टेम्पोच्या जाहिरातीसाठी वापरतात ती बहुतेक हीच.

रॅपवाल्याशी माझं सगळ्या गाडीला कास्ट लावायचं ठरलं होतं. टपावर मात्र दुसरंच काहीतरी बसलं होतं. ते उतरवायच्या आधीच दिसायला लागलं होतं: टपाच्या दोन्ही कडांना फिल्म दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेली आणि उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसून काळी रेघ. बिलावर नुसतं 'फुल बॉडी रॅप', त्यामुळे दुकानात जाऊन भांडायला हातात कागदच नाही.

दरवाजांचं काम खरं तर मजेशीर आहे. गाडी तासभर उन्हात ठेवून मग सावलीत घ्यायची, म्हणजे पत्रा आतूनच कोमट असतो. कोपरा नखाने किंवा प्लास्टिकच्या पातीने उचलायचा, हीट गन हातभर लांब धरून फिरती ठेवायची आणि फिल्म ५०-६० अंशांपर्यंत आणायची. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर पत्र्यावर तळहात जेमतेम दोन-तीन सेकंद टेकवता आला की समजायचं, झालं. मग फिल्म मागे दुमडून पत्र्यालगत, तिरकी, सावकाश ओढायची. बरोबर जमलं की फिल्म सुटते त्या ओळीवर पांढुरकी रेघ दिसते आणि ती रेघ तुमच्या हाताबरोबर पुढे सरकत राहते. थंड पडली की फिल्म टरकन फाटते. जास्त तापली की फिल्म येते, पण गोंद पत्र्यावरच राहतो. सरळ स्वतःकडे खेचायची घाई केली तरी फाटतेच, वर रंगावर ताण येतो तो वेगळा.

हीट गन मी दीड हजाराच्या आसपासची घेतली. कमी-जास्त तापमानाचं बटण असलं म्हणजे पुरे. पण तिच्या तोंडाशी काही शे अंश तापमान असतं हे विसरायचं नाही. काचेचं रबर, दिव्याची प्लास्टिक काच, बंपरमधले पार्किंग सेन्सर यांच्याजवळ मी गन बंद करून हेअर ड्रायर घेतला. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, करपलं की निघणारा धूर विषारी असतो. बंद गॅरेजात शटर ओढून हे काम करू नका.

टप. इथे वरची सगळी विद्या फुकट गेली. आडव्या भागावर ऊन थेट पडतं, फिल्ममधला मऊपणा देणारा अंश उडून जातो आणि तिचा पापड होतो. नखाएवढे तुकडे निघत होते, प्रत्येकाखाली गोंद तसाच. एक कोपरा करून मी हात टेकले आणि डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे, गाडी नेली. त्याने वाफेचं मशीन लावलं. वाफेची उष्णता ओली आणि सारखी पसरते, एका जागी रंग भाजायची भीती जवळपास नाही. तरी त्याच्या दोन पोरांना टपासाठी दिवस लागला. चार हजार घेतले, आणि ते काम बघितल्यावर मी घासाघीस केली नाही. तुमच्या गाडीचं टप-बॉनेट असं तडकलेलं असेल तर पहिल्यापासून वाफवाल्याकडेच द्या, हीट गनच्या नादी लागू नका.

आता बंपर. कंपनीत पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने प्रायमर बसतो, मग रंगाचे थर, वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर, आणि हे सगळं भट्टीत शे-सव्वाशे अंशांच्या पुढे भाजलं जातं. असा रंग फिल्म ओढून सहसा निघत नाही. गॅरेजात प्लास्टिकच्या बंपरला तेवढी उष्णता देता येत नाही, तिथे सगळी मदार घासण्यावर आणि प्लास्टिकच्या खास प्रायमरवर. माझ्या बंपरला तो प्रायमर बहुधा मारलाच नव्हता. उजव्या कोपऱ्यात फिल्म ओढली तर तिच्या पाठीला रुपयाएवढे पांढरे पापुद्रे, आणि खाली काळं प्लास्टिक लख्ख. रंग आधीच सुटलेला होता, फिल्मने तो चार वर्षं धरून ठेवला होता इतकंच. म्हणून काढायच्या आधी गाडीचा इतिहास विचारा, विशेषतः सेकंड हँड घेतली असेल तर. डिटेलिंगवाल्यांकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. एखाद्या पॅनलवर आकडा शेजारच्या दुप्पट आला तर तिथे पुट्टी किंवा दुसरा रंग आहे असं धरून चाला. साधं यंत्र पत्र्यावरच चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर मुकं.

राहिलेला गोंद काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टार रिमूव्हर (डांबराचे डाग काढायचं द्रावण), दोन्ही वापरलं. हलका चिकटा अल्कोहोलने गेला, जाड थराला टार रिमूव्हरच लागला. टिश्यू भिजवून जागेवर ठेवायचा, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म लावायची म्हणजे उडून जात नाही, दहा मिनिटांनी प्लास्टिकच्या पातीने सरकवायचं. थिनर कोणीही कितीही शपथेवर सांगितलं तरी नको, गॅरेजातला रंग त्याने मऊ पडू शकतो. पेट्रोलही नको, तापलेल्या हीट गनशेजारी तर अजिबात नाही. शेवटी शाम्पूने धुतलं.

आता नंतरच्या महिन्यांत काय दिसलं ते. उन्हाळ्यात दरवाजाच्या हँडलमागे आणि टपाच्या पन्हळीत बारीक काळ्या रेघा उमटल्या. तिथे डोळ्याला न दिसलेला गोंद राहिला होता आणि धुळीने त्याला पकडून दिलं. परत अल्कोहोल, कान साफ करायच्या काड्या, गेल्या. समोरच्या जाळीभोवती रॅप न लावलेली एक पट्टी होती, ती बॉनेटच्या शेजारी पिवळट दिसायची. मशीन पॉलिशने फरक कमी झाला, पण सकाळच्या तिरप्या उन्हात मला अजून कळतो. बायकोला दाखवलं तर म्हणाली, कुठंय?

जास्त खटकलं ते वेगळंच. मागच्या दिव्यांच्या कडेने आणि डिकीच्या हँडलभोवती ब्लेडच्या सरळ चिरा निघाल्या. लावताना पोराने फिल्म थेट गाडीवर कापली होती. पांढऱ्या रंगावर त्या चटकन दिसत नाहीत, पॉलिशला गाडी नेली तेव्हा सापडल्या. एक चीर पत्र्यापर्यंत गेली होती, तिथे पावसाळ्याआधी टचअपचा रंग भरला. अजून तरी गंज नाही. नवीन रॅप लावणार असाल तर दोरा असलेली पट्टी वापरायला सांगा. ती फिल्मखाली लावतात आणि दोरा ओढला की फिल्म ब्लेडशिवाय कापली जाते. शिवाय चांगल्या फिल्मच्या मागच्या कागदावर बहुधा कंपनी आणि मालिका छापलेली असते, त्याचा फोटो काढा आणि तेच नाव बिलावर लिहून घ्या, टपासाठी वेगळं.

एक फायदा मात्र झाला. आरसीवर रंग पांढरा आणि गाडी राखाडी, यावरून नाक्यावर व्हायची ती चौकशी थांबली.

बंपर अजून तसाच पापुद्रे निघालेला आहे. पेंटरला सांगून ठेवलंय, जुना रंग पूर्ण उतरव, प्लास्टिकचा प्रायमर माझ्यासमोर मार, मगच पांढऱ्याला हात घाल. तो म्हणतो, दिवाळीनंतर या.