काओलियांगची बाटली: न पिता आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात सागवानी टेबलाच्या पॉलिशचे 2,200 रुपये मोजून दिले आणि भाच्याने फुकट दिलेली बाटली आपल्याला नेमकी कितीला पडली, याचा हिशेब मांडायला बसलो. तैवानला नोकरी करणाऱ्या या भाच्याने दिवाळीत किन्मेन बेटावरची काओलियांग आणली होती: ज्वारीपासून गाळलेली, 58 टक्के मद्यार्काची, 600 मिलीची. आमच्याकडे कोणी पीत नाही आणि फेकून देणे मला जमत नाही, म्हणून तिला घरकामाला लावले.

पहिल्या महिन्यात फवाऱ्याच्या बाटलीत भरून ती हात निर्जंतुक करायला वापरली, ही माझी चूक होती. त्यासाठी किमान 60 टक्के मद्यार्क लागतो. म्हणजे हिची धाव दोन टक्क्यांनी कमी पडते. 95 टक्क्यांचे धान्याचे स्पिरिट आण, असे भाच्याला सांगून पाहिले. पण 70 टक्क्यांच्या वरचे मद्य विमानाच्या सामानातून नेता येत नाही, असे त्याने कळवले.

तिचा खरा उपयोग कळला तो मिसळीमुळे. रविवारी मिसळ खाऊन आलेला पांढरा सदरा आमच्या घरी दर महिन्याला एक तरी असतोच. हळदीचा रंग म्हणजे कुरकुमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, साबण लागताच लालसर होते आणि मद्यार्कात मात्र सहज सुटते. डागाखाली जुन्या धोतराची चौपदरी घडी ठेवायची, वरून अर्धा चमचा काओलियांग सोडायची आणि कापसाने नुसते दाबायचे, घासायचे नाही. पिवळा रंग सदऱ्यातून उतरून खालच्या घडीवर गोल पसरताना डोळ्यांना दिसतो. घडी सरकवून हेच तीन-चार वेळा केले की फिकट सावली तेवढी उरते आणि साबणाने धुऊन कडक उन्हात वाळत घातल्यावर तीही जाते. आषाढात ऊन नसल्यामुळे दोन सदरे अर्धवट राहिले आहेत. तर्रीचे तेल मात्र साबणानेच निघते. जुना, इस्त्री होऊन बसलेला डाग हलत नाही, आणि रेशमावर प्रयोग करण्याची परवानगी मला घरातून मिळालेली नाही.

वासाबद्दल सौभाग्यवतींची तक्रार आहे आणि ती खरी आहे. निव्वळ स्पिरिट उडून गेले की मागे काही राहत नाही. काओलियांगमध्ये एथिल ॲसिटेटचा, म्हणजे नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा, फळांकडे झुकणारा दर्प असतो आणि तो धुण्यापूर्वी तासभर तरी कपड्याला चिकटून राहतो. डाग काढून मी लिफ्टने खाली गेलो, तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

जास्वंदीवरच्या मिलीबगसाठी, म्हणजे पिठ्या ढेकणासाठी, ज्याच्याशी आमच्या जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार झुंजत असतात, कापसाच्या काडीने ती एकेका किडीवर लावली. मेणचट पांढरे आवरण विरघळून कीड मेली. कोवळी पानेही दोन-चार करपली. बरण्यांवरच्या लेबलांचा गोंद उत्तम निघतो. शेगडी आणि निरांजन यांच्या आसपास मात्र ही बाटली उघडू नये, कारण नाशिकच्या मे महिन्यात तिची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते.

आता टेबल. वडिलांच्या पंचवटीतल्या वाड्यातून आलेल्या या टेबलावर बाटली ओल्या बुडाने रात्रभर राहिली आणि सकाळी पांढरे कडे उमटले. ते पुसायला मी तीच काओलियांग घेतली. दोन मिनिटांत कापड तपकिरी झाले, बोट चिकटू लागले आणि कड्याच्या जागी ताटलीएवढे उघडे लाकूड दिसू लागले. पॉलिशवाला पाहून हसला. “साहेब, आम्ही पॉलिशची चपडा लाख ज्या स्पिरिटमध्ये विरघळवतो, त्यानेच तुम्ही ती पुसलीत,” असे म्हणाला आणि एवढासा तुकडा जुळणार नाही म्हणून अख्खे टेबल करायला लावले. भावावर बरीच घासाघीस झाली. त्याने शंभर रुपये सोडले.

हिशेबाप्रमाणे फुकटची काओलियांग मिलीमागे साधारण 3 रुपये 67 पैशांना पडली. त्याहून स्वस्त आयसोप्रोपिल अल्कोहोल शालिमारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, आणि लेबले, आरसे यांसाठी मी आता तेच आणणार आहे. बाटलीत शंभरेक मिली उरली आहे. ती सदऱ्यांसाठी राखून ठेवली आहे, स्टीलच्या ताटलीत, ओट्यापासून आणि टेबलापासून दूर, कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी.