विंडोज आणि लिनक्स, दोन्हीकडे चालायचंय? मग मेमरी कोणाच्या हाती द्यायची?

उद्यमबागेत कास्टिंगची मापं नोंदवणारं आमचं सॉफ्टवेअर विंडोजवर वाढलं. मग बेळगावच्याच एका कारखानदाराने ते लिनक्सच्या छोट्या पेटीवर मागितलं, तेही विंडोजची आवृत्ती चालू ठेवून. तुमच्यापुढे असंच काम आलं असेल तर वाटा तीन आहेत: प्रत्येक सिस्टिमचा आपापला मॅलॉक (मेमरी मागायचं सी भाषेचं फंक्शन) वापरायचा, एकच अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटणारी लायब्ररी) सगळीकडे सोबत न्यायचा, किंवा वर स्वतःचा अरीना (एकदम घेतलेला मोठा तुकडा, ज्यातून लहान तुकडे वाटायचे) बांधायचा. माझा कल आधीच सांगतो. पहिलीपासून सुरुवात करा, फक्त मध्ये आपला एक पातळ थर ठेवा.

पहिली वाट फुकट आहे, आणि मेमरीच्या चुका पकडणारी अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसारखी साधनं तिच्यावर विनातक्रार चालतात. खाचखळगेही तिच्यातच जास्त. आपल्याकडे लग्नाला शेजारची पातेली आणतात तेव्हा काठावर नाव कोरलेलं असतं, ज्याचं त्याच्या घरी परत जातं. विंडोजवर ही शिस्त मोडून चालत नाही. सी रनटाइम (मॅलॉक-फ्री पुरवणारी लायब्ररी) स्टॅटिक, म्हणजे फाइलच्या आतच जोडला असेल तर प्रत्येक डीएलएल (प्रोग्रामच्या एका भागाची वेगळी फाइल) आपला हीप, म्हणजे मेमरीचा साठा, वेगळा सांभाळते. एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्याने फ्री केली, म्हणजे परत सोडली, की हीप बिघडू शकतो आणि मग प्रोग्राम पडतो तो भलत्याच ओळीवर. लिनक्सवर बहुधा अख्ख्या प्रोसेसला एकच लिबसी (सीची मूळ लायब्ररी) असते, त्यामुळे तीच चूक वर्षानुवर्षं खपून जाते. आमचं नवं मॉड्यूल लिनक्सवर महिनाभर गुण्यागोविंदाने चाललं आणि विंडोजवर आणताच पहिल्याच रिपोर्टला कोसळलं. दोन दिवस मी प्रिंटरच्या ड्रायव्हरला शिव्या घालत होतो! अलाइन केलेल्या (ठरावीक पटीच्या पत्त्यावर घेतलेल्या) मेमरीचंही तेच: लिनक्सवर साधा फ्री चालतो, विंडोजवर तिला वेगळंच सोडवणारं फंक्शन लागतं. म्हणून पातळ थर. घेणारं आणि सोडणारं फंक्शन जोडीने, एकाच मॉड्यूलमध्ये. आकार मोजायला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार वापरला असेल तर तोही आत्ताच बदला, कारण ६४ बिट विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहतो.

स्वभावातला मोठा फरक मात्र या थराने झाकला जात नाही. विंडोज मेमरी कमिट करतानाच, म्हणजे देण्याची हमी घेतानाच, हिशेब बघतं. रॅम आणि पेजफाइल (डिस्कवरची जोडजागा) मिळून जागा पुरत नसेल तर तोंडावर नाही म्हणतं. लिनक्स सहसा हो म्हणून मोकळं होतं आणि खरी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) तुम्ही हात लावाल तेव्हा देतं. पुढे टंचाई आलीच तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) एखादी प्रोसेस मारून टाकतो. तुमचं ‘नल (मेमरी नाकारल्याची खूण) आला का’ तपासणारं इफ तिथे शोभेपुरतं. छोट्या पेटीवर चालवणार असाल तर कमाल मर्यादा स्वतःच ठरवून घ्या.

दुसऱ्या वाटेवर मुख्य दावेदार दोन. जेमॅलॉक फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधून आला, फायरफॉक्सने तो २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत उचलला. अनेक थ्रेड (एकाच प्रोग्राममधली समांतर कामं) आणि दिवसेंदिवस चालणारे सर्व्हर ही त्याची जागा. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा मीमॅलॉक २०१९ चा, आकाराने लहान, आणि विंडोजवर बांधायला मला तरी तोच सोपा गेला. सगळीकडे एकसारखं वागणं हा या वाटेचा फायदा, पण इतर लायब्ररींच्या आत चाललेला मॅलॉक तुमच्या हाती येईलच असं नाही. रस्ट भाषेने २०१९ च्या जानेवारीत, १.३२ आवृत्तीत, जेमॅलॉक बाजूला काढून सिस्टिमचाच अ‍ॅलोकेटर मूळ ठेवला, हे मला बोलकं वाटतं. अपवाद एक: अल्पाइन या छोट्या लिनक्सवर, म्हणजे मसल नावाच्या लिबसीवर, बरेच थ्रेड चालवणार असाल तर सोबत अ‍ॅलोकेटर न्याच. तिथला मूळचा मॅलॉक थ्रेडांच्या गर्दीत रेंगाळतो.

तिसरी वाट एका कामाला अप्रतिम: एक रिपोर्ट, एक अरीना, काम संपलं की सगळं एकदम मोकळं. अरीनाची जागा मॅलॉकनेच घ्या. थेट कर्नलकडून घ्यायला गेलात तर विंडोज राखीव जागेची सुरुवात ६४ केबीच्या पटीत ठेवतं आणि राखून घेतलेला पट्टा अख्खाच परत मागतं; लिनक्सवर मधला तुकडाही सोडता येतो. अ‍ॅपलच्या नव्या चिपवर तर पानच १६ केबीचं. पान म्हणजे ४ केबी असं कोडमध्ये कुठे लिहून ठेवलं असेल तर ते तिथे हमखास नडतं.

आमच्या पेटीवर मेमरी चढतच राहिली तेव्हा मी आधी मीमॅलॉक जोडला, आणि फरक पडला. नंतर कळलं की जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची लिबसी) ६४ बिटवर कोरांच्या आठपट अरीना, इथे म्हणजे मॅलॉकचे आतले वेगळे साठे, उघडू शकते आणि आमचे थ्रेड त्या एकेक करून भरत होते. पर्यावरण चलातून ती मर्यादा दोनवर आणली, मीमॅलॉक काढला, आणि पेटी तशीच परत पाठवली.