फाशी की मरेपर्यंत तुरुंग?

बलात्काराची बातमी आली की पुढाऱ्यांची पहिली मागणी फाशीची. संताप मलाही येतो. पण दिल्लीचं निर्भया प्रकरण बघा. गुन्हा डिसेंबर २०१२चा, खालच्या कोर्टानं फाशी सुनावली २०१३ मध्ये, आणि ती झाली २० मार्च २०२० ला. त्याआधी तारखा पडल्या आणि टळल्या: २२ जानेवारी, १ फेब्रुवारी, ३ मार्च. प्रत्येक वेळी आईवडिलांच्या जखमेवरची खपली निघाली.

मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात सत्र न्यायालयानं २०१४ मध्ये तिघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ती बदलून मरेपर्यंत जन्मठेप दिली. पॅरोल नाही, फर्लोही नाही, म्हणजे काही दिवसांसाठी तुरुंगाबाहेर जायची सुट्टीही नाही. अनेकांना ही दयामाया वाटली. मला ही शिक्षा जास्त कडक वाटते. शिवाय पुढेमागे तपासातली चूक उघड झाली, तर माणूस जिवंत असतो.

म्हणून माझं मत दुसऱ्या पर्यायाला. सभेत टाळ्या मात्र फाशीलाच मिळतात. पंचनामा नीट झाला का, न्यायवैद्यक अहवाल वेळेवर आला का, साक्षीदाराला संरक्षण मिळालं का, हे प्रश्न आमदार-खासदारांना मतं मागायला येतील तेव्हा तोंडावर विचारायला हवेत.