भाषाबदलाच्या प्रयोगासाठी सायकोपाय: बिल्डर उत्तम, आवाजाची वेळ मात्र हातानेच तपासा

द्विभाषिक माणसाला एका भाषेतून दुसरीकडे वळायला किती वेळ लागतो ते मोजणारा हा प्रयोग साधा दिसतो. पडद्यावर चित्र येतं, चौकटीच्या रंगावरून कुठल्या भाषेत नाव घ्यायचं ते कळतं, आणि भाषा बदलताना किती वेळ जास्त लागला ते मोजायचं. १९९९ मध्ये म्यूटर आणि ऑलपोर्ट या संशोधकांनी अंकांची नावं घ्यायला लावून दाखवलं, की कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेकडे वळणंच जास्त महाग पडतं. त्यांच्या मते कच्ची भाषा बोलताना पक्की जोरात दाबावी लागते आणि तो दाब लगेच सुटत नाही. हा फरक मिलिसेकंदांचा, म्हणून सॉफ्टवेअरची पारख इथेच होते.

सायकोपाय हे असे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. कोड न लिहिता त्याच्या बिल्डर या खिडकीत अख्खा प्रयोग उभा राहतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) १६.७ मिलिसेकंदांची, म्हणून रंगाचा इशारा चित्राच्या २५० मिलिसेकंद आधी हवा असेल तर सेकंदांऐवजी १५ फ्रेम्स लिहा.

लूपला (चित्रं एकामागून एक दाखवणाऱ्या भागाला) ‘रँडम’वर सोडू नका. भाषा बदलण्याच्या आणि तीच भाषा पुन्हा येण्याच्या ट्रायल्सचं (एकेका चित्राच्या फेऱ्यांचं) प्रमाण मग आपल्या हाती राहत नाही. क्रम एक्सेलमध्ये आधीच रचा, ट्रायलचा प्रकार वेगळ्या रकान्यात लिहा आणि लूप ‘सिक्वेन्शियल’ ठेवा. प्रत्येक चित्र दोन्ही भाषांत, दोन्ही प्रकारांत आलंच पाहिजे. पेन, बस, टेबल ही चित्रं काढून टाका: मराठी-इंग्रजी बोलणारा दोन्हीकडे तोच शब्द म्हणणार, मग बदल मोजायचा कशाचा? विश्लेषणातून प्रत्येक ब्लॉकची (ट्रायल्सच्या गटाची) पहिली ट्रायल आणि चुकीनंतरची ट्रायल वगळा.

खरी डोकेदुखी आवाजाची. आवाजाची पातळी ठरावीक रेषा ओलांडली की वेळ नोंदवायची, ही पद्धत ‘साप’मधला हलका ‘स्’ हुकवते आणि ओठांच्या चटकाऱ्याला शब्द समजते. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये ठेवून प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाची सुरुवात स्वतः खूण करावी. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. मायक्रोफोनचा विलंब कायम सारखा असेल तर बदलाच्या वेळेतून पुनरावृत्तीची वेळ वजा करताना तो आपोआप जातो. विलंब कमीजास्त होत असेल तर निकालच धूसर होतो. म्हणून ब्लूटूथ हेडसेट नकोच, वायरचा वापरा.

पॅव्हलोव्हिया या संकेतस्थळावरून हाच प्रयोग ऑनलाइन चालवता येतो. बटण दाबायच्या कामांना हा मार्ग चांगला आहे. बोलून उत्तर द्यायच्या या प्रयोगासाठी मात्र माणूस प्रयोगशाळेतच बसवावा, कारण घरोघरचे मायक्रोफोन आणि ब्राउझर वेगवेगळे असतात.