लाइटरूम क्लासिक घ्यावं की डिजीकॅम? फोटोंचा ढीग आवरणाऱ्यांसाठी

गूगलनं पिकासा (फोटो लावून ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर) 2016 ला बंद केलं तरी "त्याच्यासारखं काही आहे का" हे विचारणं काही थांबत नाही. लॅपटॉपवर बसून फोटो नीट लावायचे असतील तर माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: ॲडोबीचं सबस्क्रिप्शनवालं लाइटरूम क्लासिक आणि फुकटातलं डिजीकॅम. फीचर्स मोजत बसू नका, तुम्ही लावलेले टॅग, नावं, स्टार नक्की कुठे साठतात ते आधी बघा.

लाइटरूम क्लासिकमध्ये सगळा कारभार कॅटलॉगचा, म्हणजे एलआरकॅट नावाची एक फाइल. फोटो तुमच्या फोल्डरमध्येच असतात, कॅटलॉगमध्ये फक्त त्यांची नोंद. म्हणून इम्पोर्ट करताना वर कॉपी, मूव्ह, ॲड असे पर्याय येतात ते डोळे झाकून ओके करू नका, फोटो आधीच हार्डडिस्कवर असतील तर ॲड, नाहीतर त्यांची आणखी एक कॉपी होऊन बसते. आणि एकदा इम्पोर्ट झालं की फोल्डर लाइटरूमच्या बाहेरून हलवायचा नाही, हलवला की फोल्डरवर प्रश्नचिन्ह आणि मग शोधा बसून. टॅग कॅटलॉगबाहेर, फोटोबरोबरही हवे असतील तर फोटो सिलेक्ट करून कंट्रोल एस, किंवा सेटिंगमध्ये एक्सएमपी (टॅग, स्टार वगैरे माहिती लिहायची पद्धत) ऑटोमॅटिक चालू करा. तरी कलेक्शन (तुम्ही निवडून केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (फाइल न वाढवता केलेली त्याच फोटोची दुसरी आवृत्ती) कॅटलॉगमध्येच राहतात. शिवाय बंद करताना बॅकअप विचारतो ना, तो कॅटलॉगचाच असतो हां, फोटोंचा नाही.

डिजीकॅम फुकट, ओपन सोर्स, लिनक्सवरही चालतो (लाइटरूम नाही चालत). यात तुमचा फोल्डर म्हणजेच अल्बम, वेगळं इम्पोर्ट करायची गरजच नाही, फोटोंचा मुख्य फोल्डर दाखवला की झालं. डेटाबेस यातही आहे, पण मेटाडेटा (फोटोबद्दलची माहिती) सेटिंगमध्ये टिक असेल तर टॅग फोटोतच लिहिले जातात, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर बाजूला एक्सएमपी फाइल. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी "आजोळ" हा टॅग फोटोबरोबर जातो. नेटवर्क ड्राइव्हवरचे फोटो दोघांनाही चालतात, फक्त लाइटरूमचा कॅटलॉग तिथे ठेवता येत नाही. मिळतेजुळते डुप्लिकेट शोधणं डिजीकॅममध्ये मस्त. चेहरे दोघंही ओळखतात, पण डिजीकॅम त्यासाठी आधी मोठं डाउनलोड मागतो. दिसायला मात्र जरा रटाळ, मेनूंचं जंगल, पहिला आठवडा वैताग येणार.

रॉ एडिटिंगमध्ये लाइटरूम कितीतरी पुढे, यात वादच नाही. लग्नाची ऑर्डर घेऊन शेकडो रॉ एकसारख्या रंगात काढायच्या असतील तर सबस्क्रिप्शनचे पैसे वसूल. सबस्क्रिप्शन संपलं तरी लायब्ररी (फोटो बघायचा, लावायचा भाग) उघडते, डेव्हलप (एडिटिंगचा भाग) मात्र बंद.

घरचे फोटो, मोबाइलचे जेपीजी, स्कॅन केलेले जुने अल्बम असतील तर मी सरळ डिजीकॅम सांगेन. दोन्ही एकाच फोल्डरवर चालवायचा मोह होईल, तसं करायचंच असेल तर टॅग लिहायचं काम एकाकडेच द्या.