तीनशे वॅटची करवत, चोवीस वॅटचा अडॅप्टर

यंदा गणेश चवथीच्या देखाव्यात मंगेशीच्या देवळाचा दीपस्तंभ करायचं मनात होतं. सात मजले, प्रत्येकाला आठ बाजू धरल्या तर ५६ फळकुटं, आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडा साडेबावीस अंशांत तिरक्या. लाकूड ३ मिलिमीटरचं प्लायवूड. घरातली हातकरवत लावली तर कडेला पापुद्रे निघाले. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: टेबलावरची छोटी गोल करवत, ३०० वॅट, तिरकाही कापते, १,७९९ रुपये, पैसे पार्सल आल्यावर. व्हिडिओतला माणूस काकडी चिरावी तसं सागवान कापत होता.

'पैसे पार्सल आल्यावर' याचा अर्थ मी 'माल बघून पैसे' असा घेतला. दारात आलेला मुलगा म्हणाला, "काका, आधी पैसे, मग खोका." त्याचं काही चुकलं नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं.

आत प्लास्टिकची पेटी, तिच्यावर खेळण्यातल्यासारखी मोटर, ६० मिलिमीटरचं पातं आणि अडॅप्टर. अडॅप्टरवर छापलं होतं १२ व्होल्ट, २ अँपियर. म्हणजे २४ वॅट. हा गुणाकार मी डिचोलीच्या शाळेत कित्येक वर्षं पोरांकडून करून घेतला आहे! परत जाहिरात उघडली तर शेवटच्या फोटोत हाच अडॅप्टर, बोटांनी मोठा केला की लेबल स्वच्छ वाचता येतं. मागवण्याआधी तेवढं केलं नाही. तुम्ही करा. लेबल दाखवतच नसतील तर मागवूच नका.

प्लायवूड टेकवलं की मोटर गप्प. जोर कमी केला तर पातं डुगडुगायचं, जेमतेम १ मिलिमीटरच्या पात्याची खाच दुप्पट रुंद व्हायची. पात्यावर झाकण नाही. तिरक्या कापाची सोय म्हणजे टेबलावर छापलेल्या दोन रेघा.

पावतीवरच्या नंबरावर तक्रार केली, तिथं खरी गंमत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी फोन: "सर, रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका." मी चष्मा शोधत होतो. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "पैसे येवपाक पिन कित्याक?" फोन तिकडूनच कट झाला. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही. असे पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावा. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. १,७९९ अजून आलेले नाहीत. पार्सलावर विक्रेत्याचा पत्ताही धड नाही, नुसतं गोदामाचं नाव.

शेवटी म्हापशाच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. दागिन्यांची जाळी कापायची त्यांची करवत असते, धनुष्यासारखी चौकट आणि दोऱ्याएवढं पातं. चौकट आणि डझनभर पाती मिळून साडेचारशे रुपये पडले. पात्याचे दात मुठीकडे ठेवायचे, म्हणजे खाली ओढताना कापतं. लाकडाच्या जाडीत निदान दोन-तीन दात बसले पाहिजेत, नाहीतर पातं अडकून तुटतं. माझी चार तुटली. कडांचा तिरकेपणा घासकागदावर आणतो.

आतापर्यंत २३ फळकुटं झालीत. त्या मोटरला पंख्याचं पातं लावलंय, भुसा उडवायला.